नवशिक्यांचा ढोबळ दोष

माणूस पुस्तक कसं उचलतो यावरून तो ते घेणार की नुसतं चाळून ठेवणार, हे मला दुरूनच कळतं. मानोऱ्यात बसस्टँडसमोर वह्या-पुस्तकांचं दुकान चालवता चालवता अठरा वर्षांत एवढी विद्या आपोआप येते. मागचं पान आधी पाहणारा घेत नाही. पानांचा वास घेणारा घेत नाही. "याच्यात सगळं हाये का?" असं विचारणारा तर मुळीच घेत नाही, कारण आपल्याला काय हवंय ते त्यालाच ठाऊक नसतं. पण पुस्तकाला हात लावण्याआधी जो आपला हात कपड्याला पुसतो, तो घेतोच. अशी माणसं वर्षाला चार-पाच. धनसिंगकाका त्यातले.

बाजाराच्या दिवशी दुपारी ते आले. धोतराला दोन्ही हात पुसले, आधी तळवे, मग उलटे. खांद्यावरच्या पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढून काउंटरवर ठेवलं, तान्ह्या बाळाला ठेवतात तसं. टॉवेल उलगडला तर आत काळा डिजिटल कॅमेरा.

"फोटो शिकाचा हाये," ते म्हणाले.

"तुम्हाला?"

"मले. एकच."

"एकच काय?"

"एकच फोटो. दुसरा नाई शिकला तरी चालते."

बाकावर जगदेवभाऊ बसले होते. किन्हीराजाला त्यांची शेती, इथे लेकीचं सासर. लेकीकडे आले की माझ्या दुकानातला पेपर फुकट वाचून, घडी मोडून, परत ठेवणार. त्यांनी पेपर खाली केला. ते पेपर खाली करतात म्हणजे आता कोणाची तरी फिरकी घेणार.

"नाईक, या वयात कोणाच्या लग्नाची सुपारी घेतली फोटोची?"

"माह्याच," धनसिंगकाका म्हणाले, आणि कॅमेऱ्याचं बटण दाबून आम्हाला पडदा दाखवला.

एकामागून एक त्रेचाळीस फोटो होते. प्रत्येकात एक बाई बसलेली. म्हणजे बाई असावी असं धरून चालायचं. चेहऱ्याच्या जागी काळोख आणि गळ्यापासून पायापर्यंत पांढऱ्या ठिणग्या.

"ही बाई हाये का फुलबाजा?" जगदेवभाऊ म्हणाले.

"बायको हाये माही. मोतीबाई." काकांना राग आला नाही. त्यांनी बोटाने पडद्यावरचा काळोख पुसून पाहिला, जणू पुसला तर खाली चेहरा निघेल. "कांचळीले म्हंजे चोळीले आरसे हायेत, फेटियाले म्हंजे घागऱ्याले आरसे हायेत. बटण दाबलं का सारे पेटते."

मग थोडं थोडं करून कळलं. मोतीबाईच्या पित्ताच्या पिशवीत खडे झालेत. वाशिमच्या डॉक्टरने पुढच्या गुरुवारी ऑपरेशन ठरवलंय. साधं ऑपरेशन, तिसऱ्या दिवशी घरी. पण तपासायला गेले तेव्हा नर्सबाईला बीपीचा पट्टा बांधायला दंडावर जागाच सापडली नाही. कोपरापासून खांद्यापर्यंत पांढरा चुडा, दोन्ही हातांत. त्यांच्या बंजारा तांड्यावर या पद्धतीचा चुडा आणि आरशांचा पोशाख रोज घालणाऱ्या आता दोनच बाया उरल्या. दुसरी मोतीबाईची जाऊ. नर्सबाई म्हणाली, हे सगळं उतरवून या. लग्नाच्या वेळी सोळा वर्षांच्या मुलीच्या दंडात बसवलेला चुडा आता निघणार कसा? कापावाच लागणार.

"मंग कापा," जगदेवभाऊ म्हणाले. "बरं झाल्यावर नवा घाला."

"तुमाले सोपं हाये, भाऊ. आमच्यात नवरा मेल्यावरच उतरते तो." काका कॅमेऱ्याकडे पाहत बोलत होते. "बुढी म्हणे, मी जाईन दवाखान्यात, उघडे हात घेऊन वापस येईन, अन् सारा तांडा तुह्याकडे पाहीन, हा जिता कसा. पोरगी निता म्हणे, आई, मी मोबाइलवर काढते तुहा फोटो, चुड्यासकट. नाई. बुढी म्हणे तुह्या बापाच्या हातचा पायजे. कोणी विचारलं चुडा कदी उतरला, तं मी फोटो दाखवीन. हा पाहा चुडा, अन् हा फोटो यानंच काढला. म्हंजे हा तवा जिता होता."

"अन् नाही निघाला फोटो तर?" मी विचारलं.

"तं जात नाई म्हणते. पोटात खडे घेऊन बसते, अन् राती पोट धरून वाकडी होते."

जगदेवभाऊंना गप्प बसणं जमत नाही.

"पण नाईक," ते म्हणाले, "फोटो कोणं काढला, हे फोटोत कुठं दिसते?"

धनसिंगकाकांना हे सुचलंच नव्हतं, आणि घरी मोतीबाईला सुचलं तर काय, हेही त्याच क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं. मी जगदेवभाऊंच्या हातातला पेपर काढून घेतला.

आता पुस्तकांबद्दल. माझ्याकडे डिजिटल फोटोग्राफीची तीन पुस्तकं होती, ती मी मागवलेली नव्हती. दोन वर्षांपूर्वी स्पर्धा परीक्षांच्या गठ्ठ्यात ती चुकून आली आणि परत पाठवायची राहून गेली. पहिलं जाडजूड, गुळगुळीत कागदाचं, आत बर्फाचे डोंगर आणि पोपट. ते चाळणारे मी मोजले होते, एकसष्ट. घेणारा कोणी नाही. दुसरं तीस दिवसांत फोटोग्राफर करून सोडणारं. तिसरं पातळ, मळकट पिवळ्या कव्हरचं, कुठल्याशा निवृत्त चित्रकला शिक्षकाने लिहिलेलं. त्यात एकही फोटो नव्हता, सगळी पेन्सिलीने काढलेली चित्रं. फोटोग्राफीच्या पुस्तकात फोटो नाहीत म्हटल्यावर ते कोण उचलणार? त्याच्या कव्हरवर चहाच्या कपाचा गोल वळ होता. जगदेवभाऊंचं काम.

मी जाडं पुस्तक काढलं.

"याच्यात आरशाचं हाये का?" काकांनी विचारलं.

बघा, किती नेमका प्रश्न. एकसष्टांपैकी एकानेही असा विचारला नव्हता. त्यावर मी काय उत्तर द्यावं?

"सगळं आहे," मी म्हणाले. उघडूनही पाहिलं नाही. माणसाला चित्रं दिसली की तो खूश होतो, असा माझा हिशेब. काका ते पुस्तक छातीशी धरून पाचच्या गाडीने गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी, मी शटर वर करते तर पायरीवर धनसिंगकाका. मांडीवर पुस्तक, ते जसंच्या तसं कागदात गुंडाळलेलं.

"याच्यात आरशाचं नाई," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे मला जास्तच लागलं.

"नीट पाहिलं का?"

"पहिल्या पानापासून पाह्यलं. निता मोठ्यानं वाचे, मी आयके. पाखरू उडताना कसं काढाचं ते हाये. धबधबा दुधावानी कसा करावा ते हाये. आमच्याइथं कुठं धबधबा? शेवटी एक लिहेल होतं, उजेड समोरून घ्या. मंग बुढीले दुपारी बारा वाजता उन्हाकडे तोंड करून बसवली."

"आणि?"

"अन् तिनं आदल्या राती सारे आरसे राखेनं घासले. फोटो हाये म्हणे, लग्नाले घासतो तसे घासते. दोनशे तरी आरसे असतीन, बाई. पोट दुखे तरी घासे." त्यांनी कॅमेरा पुढे केला.

पडद्यावर मोतीबाई नव्हतीच. एक पांढरा गोळा होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दंड तेवढे ओळखू येत होते.

जगदेवभाऊ तोवर येऊन बाकावर टेकलेच होते. त्यांनी पाहिलं आणि पेपर उचलून तोंडापुढे धरला. ही त्यांच्या बाजूने मोठीच सभ्यता.

माझ्या मागे भिंतीवर पाटी आहे : विकलेलं पुस्तक परत घेतलं जाणार नाही. काकांनी ती अक्षर अक्षर लावून वाचली.

"बियाणं उगवलं नाई तं दुकानदार पिशवी बदलून देते," ते म्हणाले. "हे उगवलं नाई."

"बियाणं पेरलं की परत येत नाही, काका. पुस्तक वाचलं की..."

"वाचलं तरी तसंच हाये. पाहा, पान दुमडलं नाई."

खरंच दुमडलं नव्हतं. मी पाटीकडे पाठ केली आणि पुस्तक ठेवून घेतलं.

"आता मीच पाहून घेतो," ते म्हणाले. "तुमी आपलं काम करा."

आणि मग माझ्या दुकानात अठरा वर्षांत झाली नव्हती अशी गोष्ट झाली. एका गिऱ्हाइकाने पुस्तकं तपासली, म्हणजे पुस्तकं वापरून तपासली. पिशवीतून त्यांनी मोतीबाईचा बटवा काढला, सुपारीचा, लाल, मधोमध पाच आरसे टाचलेला. तो कॅलेंडरच्या खिळ्याला लटकवला. म्हणाले, पुस्तक सांगीन तसं करतो, बटव्याचा फोटो निघाला तं बायकोचा निघते.

तीस दिवसांचं पुस्तक आधी घेतलं. पहिला दिवस : कॅमेऱ्यासाठी चांगली बॅग निवडा. काकांनी टॉवेलाकडे पाहिलं. दुसरा दिवस : आपल्या कॅमेऱ्याशी मैत्री करा.

"उजेडाचं कोणत्या दिवशी हाये?"

मी अनुक्रमणिका पाहिली. "एकोणिसाव्या."

"मैत्री करत बसलो तं गुरुवार निंगून जाईन," ते म्हणाले, आणि पुस्तक दोन्ही हातांनी मला परत दिलं.

उरलं चहाच्या वळाचं. ते मी स्वतः काढून दिलं नाही. मला त्याची लाज वाटत होती. त्यांनीच हात लांब करून घेतलं. उघडलं. मधल्याच एका पानावर पेन्सिलीने काढलेला पितळी तांब्या होता. तांब्याच्या पोटावर एक इवलासा माणूस, डोळ्याला कॅमेरा लावलेला.

काका बाकावर बसले आणि बोट ठेवून वाचू लागले. सातवीपर्यंतचं वाचन, पण अक्षर सुटत नाही. मोठ्याने वाचत होते, म्हणून आम्हालाही ऐकू आलं.

"चकाकणारी भांडी, दागिने, आरसे. अशा वस्तूला स्वतःचं रूप नसतं. तिच्यासमोर जे असेल ते ती दाखवते. फ्लॅश मारला तर ती फ्लॅशच दाखवेल. म्हणून फ्लॅश बंद करा. वस्तू सावलीत ठेवा, दाराच्या आत. आरशासमोर काय आहे ते आधी पाहा, मगच बटण दाबा."

त्यांनी मला फ्लॅशचं बटण कुठलं ते शोधायला लावलं. बटवा खिळ्यावरून काढून दाराच्या आतल्या बाजूला, उन्हाच्या रेषेअलीकडे धरायला जगदेवभाऊंना उभं केलं. फोटो काढला. पडद्यावर बटवा आला, लाल, टाका न् टाका मोजता येईल असा, आणि आरसे शांत.

"निंगाला!" जगदेवभाऊ ओरडले. इतके की समोरच्या हॉटेलवाल्याने मान वर केली.

काका मात्र अजून पानावरच होते. बोट पुढे सरकत होतं.

"सावधान. अशा वेळी छायाचित्रकार स्वतःच आरशात उमटतो. हा नवशिक्यांचा ढोबळ दोष आहे. तो टाळण्यासाठी गडद कपडे घाला, अंधारात उभे राहा, किंवा एका बाजूला सरकून..."

बोट थांबलं. मागे गेलं. पुन्हा तेच वाक्य वाचलं. मग मान वर करून त्यांनी आधी जगदेवभाऊंकडे पाहिलं, कारण परवाचा प्रश्न त्यांचा होता.

"भाऊ, फोटो कोणं काढला, ते फोटोत दिसते."

जगदेवभाऊ बटवा धरून तसेच उभे. "मंग ते तं चूक हाये म्हणते ना पुस्तक."

"हाच दोष पायजे मले," धनसिंगकाका म्हणाले.

त्यांनी माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि पुस्तकावर खूण न करता आपल्या तळहातावर लिहून घेतलं. गडद कपडे घाला, त्याच्या जागी लाल पागोटं. अंधारात उभे राहा, त्याच्या जागी उन्हात. ती दारात सावलीला, आपण अंगणात उन्हाला. बाजूला सरकायचं तर बिलकुल नाही. पुस्तक उलटं करून वाचणारे मी पुष्कळ पाहिलेत, त्यातलं सांगणं असं मुद्दाम उलटं करून घेणारा हा पहिला.

जाताना पुस्तक मागितलं.

"पाठ झालंय की तुम्हाला," मी म्हणाले.

"निताले दाखवतो. नाईतं म्हणीन बाबानं मनानंच केलं." आणि कव्हरवरचा वळ अंगठ्याने चाचपून, "हे कायचं?"

"चहाचं," जगदेवभाऊंनी कबूल केलं. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी कबूल केलेली ही एकमेव गोष्ट.

पुढचा गुरुवार आला. मी काही त्या दिवसाची वाट पाहत नव्हते. फक्त वाशिमकडे जाणाऱ्या सकाळच्या तिन्ही गाड्यांच्या खिडक्या पाहून झाल्या. पहिल्या गाडीत शाळेची पोरं. दुसऱ्या गाडीच्या मधल्या खिडकीत लाल पागोटं होतं, आणि त्याच्या पलीकडे ओढणीचा कोपरा, आरसे लावलेला. गाडी वळली तेव्हा एक कवडसा माझ्या काउंटरवरून पळत गेला. जगदेवभाऊंची लेक इथे असली तरी गुरुवारी ते किन्हीराजाला असतात. त्या दिवशी ते बाकावर होते.

"गेली का?" त्यांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं.

"गेली."

"बरं झालं. पोटदुखी वाईट." आणि मग अर्धा तास तेच पान.

चौथ्या बाजाराला दोघं आली. मोतीबाईला मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि तरी ओळखीची वाटली, कारण तिचा काळोख आणि पांढरा गोळा माझ्या चांगल्या परिचयाचे होते. बारीक, उंच, चालताना एक हात पोटावर. दंड उघडे. चुडा होता तिथली कातडी कोपराखालच्या हातापेक्षा कितीतरी उजळ, लहान मुलीसारखी. चाळीस वर्षं ऊन न लागलेली.

तिने दुकानभर एक नजर फिरवली. "हेच का ते दुकान? हा सांगे मोठं हाये."

"पुस्तक मोठं होतं," काका म्हणाले. "ते बेकार निंगालं."

मी तिला खुर्ची दिली. बसली नाही, काउंटरला टेकली. कापलेल्या चुड्याचे तुकडे त्या लाल बटव्यात होते; तिने हलवून आवाज ऐकवला. टाके पूर्ण वाळले की नवा चुडा भरायचा, आणि तेव्हा पुन्हा फोटो काढायचा, म्हणून पुस्तक अजून लागणार आहे, असं काकांनी न विचारता सांगितलं. मी परत मागेन अशी त्यांना भीती असावी.

"कोणी विचारलं का तांड्यावर?" जगदेवभाऊंनी मोतीबाईला विचारलं.

"जावेनं विचारलं. म्या फोटो दाखवला. मंग तिनं नवऱ्याले सांगतलं, माहा बी असाच काढा. आता थो रोज याच्या मागं फिरून राह्यला, मले शिकव म्हणे."

काकांनी कापडाची घडी उलगडली. आत मोठ्या आकारात काढलेला फोटो.

"पयले तं त्या स्टुडिओवाल्या पोरानं सारं वाटोळं केलं," ते म्हणाले. "म्हणे काका, कपड्यावर लाल लाल डाग आले होते, मी कंप्युटरवर साफ करून देल्ले. फुकटात. मी म्हटलं, बापू, थे डाग नाई, थो मी हाओ. पुन्हा छापून घेतला."

फोटोत मोतीबाई दाराच्या उंबऱ्यावर बसलेली. दोन्ही हात गुडघ्यांवर, चुडा खांद्यापर्यंत, कोणी मोजायला मागितला तर मोजून घ्यावा असा. चेहरा पूर्ण दिसत होता. ती कॅमेऱ्याकडे पाहत नव्हती, जरा वर पाहत होती; कॅमेऱ्याच्या वर पागोटं असतं. ओठ मिटलेले, पण हसू दाबून ठेवायला केवढे कष्ट पडलेत ते गालावर दिसत होतं. आणि कांचळीवर, फेटियावर, शेकडो आरशांत कुठे भिंत, कुठे आभाळ, आणि अधूनमधून एकेक लाल ठिपका.

"सात हाओ मी याच्यात," काका म्हणाले.

"सहा," मोतीबाई म्हणाली.

"सात. रोज मोजतो."

"रोज चुकते. हा खालचा तू नाई, हे बकेट हाये."

"बकेट काहून राहीन? पागोटं हाये माहं."

"बकेटीले कडी हाये. तुह्या पागोट्याले कडी हाये का?"

"थो हात हाये, बटण दाबून राह्यला."

"हात असा कानापासून कानापर्यंत राह्यते का कोणाचा?"

जगदेवभाऊ फोटोवर वाकले, डोळे बारीक केले आणि चष्मा घरी राहिल्याचं जाहीर केलं. मग तिघांनीही माझ्याकडे पाहिलं.

शाळेच्या सामानातलं भिंग मी काढलं. एकेका आरशावर धरत गेले. पहिला, छातीजवळचा : नखाएवढ्या काचेत लाल पागोटं, त्याखाली काळा कॅमेरा, त्याखाली पांढरं धोतर, उन्हात ताठ उभं. दुसरा खांद्यावर. तिसरा अर्धा, पण तेच. चौथा, पाचवा, सहावा. सातवा फेटियाच्या काठावर. तिथे मी भिंग जरा जास्त वेळ धरलं. नळ होता. नळाखाली लाल प्लास्टिकची बादली होती, कडीसकट.

अठरा वर्षांत माझ्या दुकानातल्या मोजणीत एक खोडरबरही इकडचं तिकडे झालेलं नाही.

"सात," मी म्हणाले.

धनसिंगकाकांनी नुसती मान हलवली, हे ठरलेलंच होतं अशी. मोतीबाईने माझ्याकडे पाहिलं. तिने भिंग घेतलं नाही, फोटोकडेही पुन्हा पाहिलं नाही, माझ्याकडेच पाहत राहिली. मग तिला हसू आलं, टाके दुखतील म्हणून तिने पोट दाबून धरलं, आणि उघड्या गोऱ्या दंडाने नवऱ्याला बाजूला सारून फोटो घडीत गुंडाळायला घेतला.

"बरं, सात," ती म्हणाली. "बकेट बी आपल्याच घरचं हाये."